परागकण पाहायचे तर आधी थेंब कशाचा ते ठरवा

बागेतल्या लाल लिलीचे पराग कोऱ्या काचेवर कोरडेच ठेवून पाहिले, तर गव्हाचे दाणे सांडल्यासारखे दिसतात: लांबट, दोन्ही टोकांना निमुळते, मधोमध एक घडी. त्याच परागांवर पाण्याचा थेंब टाकला की बघता बघता घडी उलगडते, दाणा फुगतो, आणि काही दाणे फुटून आतला चिकट रस बाहेर येतो. ग्लिसरीनमध्ये हेच कण पुन्हा वेगळे दिसतात. फूल एक, परागकोश एक, पण दिसणं तीन तऱ्हांचं.

म्हणून अमुक फुलाचा परागकण कसा दिसतो, याचं उत्तर देण्याआधी तो कशात बुडवला होता ते सांगावं लागतं. नव्याने पाहणाऱ्यांचा बहुतेक गोंधळ इथेच होतो. चित्र नीट दिसलं नाही की भिंग कमी ताकदीचं आहे असं वाटतं, आणि चूक मात्र काचेवरच्या थेंबात असते.

काय लागतं

शाळा-कॉलेजात असतो तो साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक पुरतो: १०× आयपीस (डोळ्याकडचं भिंग) आणि ४×, १०×, ४०× ही तीन ऑब्जेक्टिव्ह (वस्तूकडची भिंगं). तेलात बुडवायचं १००× ऑब्जेक्टिव्ह नसलं तरी काही अडत नाही. ४०× ऑब्जेक्टिव्हवर बहुधा ०.६५ हा आकडा कोरलेला असतो. भिंग किती बारीक तपशील सुटा दाखवू शकतं ते हा आकडा सांगतो, आणि ०.६५ म्हणजे साधारण अर्धा मायक्रॉन. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) १५× आयपीस लावलं किंवा मोबाइलवर झूम केलं तर कण मोठा दिसेल, पण नवा तपशील एकही दिसणार नाही. कागदी फोल्डस्कोप १४० पट मोठं दाखवतो आणि सुमारे २ मायक्रॉनपर्यंतचा तपशील देतो. जास्वंद, भोपळा, मका, लिली यांच्यासाठी तो उत्तम आहे, पण लहान कणांवरची बारीक नक्षी त्यात दिसत नाही.

बाकी सामान असं: काचेच्या स्लाइड, कव्हरस्लिप (थेंबावर ठेवायची पातळ काच), दोन सुया, टोकदार चिमटा, ड्रॉपर, टिपकागद, ग्लिसरीन, डिस्टिल्ड वॉटर, पारदर्शक नेलपॉलिश आणि ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. कव्हरस्लिप काचेचीच घ्या. ४०× ऑब्जेक्टिव्ह ०.१७ मिमी जाडीच्या काचेसाठी बनवलेलं असतं, आणि प्लास्टिकच्या जाड तुकड्याखाली चित्र धुरकट येतं. अल्कोहोलऐवजी सर्जिकल स्पिरिट वापरणार असाल तर आधी त्याचा एक थेंब स्वच्छ काचेवर सुकवून पाहा. काही बाटल्यांत तेल मिसळलेलं असतं, आणि तेल काढण्यासाठी तेलकट स्पिरिट वापरण्यात अर्थ नाही.

आरशाचा सूक्ष्मदर्शक असेल तर आरसा थेट सूर्याकडे कधीही वळवू नका, डोळ्याला कायमची इजा होते. उजळ आकाश किंवा पांढऱ्या भिंतीवरून येणारा उजेड पुरेसा असतो.

फूल कोणतं, आणि किती वाजता

सुरुवात पाच पाकळ्यांच्या साध्या जास्वंदीने करावी. तिचे कण १५० मायक्रॉनच्या आसपास असतात, म्हणजे नुसत्या डोळ्यांनाही पिवळे ठिपके म्हणून दिसतात, त्यामुळे सुईवर काही आलं की नाही असा संशय राहत नाही. दुहेरी, भरगच्च जास्वंद मात्र घेऊ नका. तिच्यात बरेचसे पुंकेसर पाकळ्यांमध्ये बदललेले असतात आणि पराग नावापुरते उरतात.

उमललेल्या फुलावर मधमाशी बसून गेली की ती दुसऱ्या झाडांचे परागही मागे ठेवून जाते. चारच कण वेगळ्या आकाराचे दिसले तर ते बहुधा असे पाहुणे असतात. ते टाळायचे तर उमलण्याच्या बेतात असलेली कळी आदल्या संध्याकाळी आणून फुलदाणीत ठेवावी किंवा झाडावरच तिला मलमलची छोटी पिशवी बांधावी. लाल भोपळ्याचं नर फूल पहाटे उमलतं आणि उन्हं चढली की मिटायला लागतं, तेव्हा ते सकाळी लवकर गाठावं. नर फूल ओळखायला सोपं: पाकळ्यांखाली छोटा भोपळा नसतो, नुसता लांब देठ असतो. चिनी गुलाब सकाळी दहाच्या सुमाराला उघडतो. ज्वारी आणि बाजरीचे परागकोश दिवस वर येण्याच्या आसपास लोंबतात, दुपारी त्यांत रिकामी टरफलंच मिळतात.

परागकोश ओलसर, फिकट आणि घट्ट मिटलेला असेल तर तो फोडून पराग काढू नका. आतले कण अपुरे वाढलेले, पेशीद्रवात लडबडलेले आणि एकमेकांना चिकटलेले मिळतात. असे परागकोश कोऱ्या कागदावर ठेवून टेबलावरच्या दिव्याच्या उबेत तास-दोन तास राहू द्या. पिकायला आलेले असतील तर आपोआप फाटतात. कागद हलकेच झटकला की पिवळी पूड खाली पडते. तिची बटरपेपरमध्ये पुडी बांधावी, वर नाव आणि तारीख लिहावी. पुढच्या फुलाला हात लावण्याआधी सुई अल्कोहोलने पुसायची, दर वेळी, न चुकता.

गाजरगवताचे पराग पाहायचा मोह होतो, कारण ते जिथेतिथे सापडतं. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदलं गेल्यापासून ते सगळीकडे पसरलं आहे. त्याच्या स्पर्शाने त्वचेला आणि परागाने श्वासाला त्रास होतो. दमा किंवा सर्दीची ॲलर्जी असणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. इतरांनीही हातमोजे घालावेत आणि फूल पंख्याखाली झटकू नये.

तीन थेंबांची स्लाइड

पहिल्याच दिवशी कायमची स्लाइड बनवायला घेऊ नका. लिली, सदाफुली किंवा तेरडा यांपैकी एकाचे पराग घ्या आणि तीन स्लाइड शेजारी शेजारी तयार करा. पहिली कोरडी: सुईच्या टोकावर येतील तेवढेच पराग काचेवर झटकायचे आणि ४× किंवा १०× ने कव्हरस्लिपशिवाय पाहायचे. दुसरी पाण्याची. तिसरी अर्धं ग्लिसरीन आणि अर्धं पाणी यांच्या मिश्रणाची.

परागकण झाडावरून निघताना बराच सुकलेला असतो. त्याच्या कवचावर खाचा किंवा छिद्रं असतात, तिथे कवच पातळ असतं. कण सुकतो तेव्हा या खाचा आत दुमडतात आणि पाणी आणखी उडून जाणं थांबतं. ओल मिळाली की त्या उलगडतात. छत्री मिटावी आणि उघडावी तसं हे चालतं. साध्या पाण्यात आतल्या रसाची तीव्रता बाहेरच्यापेक्षा खूप जास्त असल्यामुळे पाणी आत शिरतच राहतं आणि शेवटी कण फुटतो. ग्लिसरीनच्या मिश्रणात हे सावकाश होतं आणि फुटण्याचं प्रमाण कमी राहतं. एकाच परागाची ही तीन रूपं एकदा पाहिली की पुढे चुकीची ओळख पटवण्याचा धोका निम्मा होतो, म्हणून हा धडा गाळू नये.

परागांचं प्रमाण हा नेहमीचा घोळ. जास्त पराग घातले की कण एकमेकांवर चढतात, कव्हरस्लिप तिरपी बसते आणि फोकस एका बाजूला लागला की दुसऱ्या बाजूला सुटतो. काचेवर जेमतेम दिसेल एवढी पुसट पिवळी छटा म्हणजे पुष्कळ झालं.

तेल काढून रंगवलेली कायमची स्लाइड

कीटकांच्या मदतीने परागण होणाऱ्या फुलांच्या परागांवर पिवळट तेलाचा थर असतो. कण माशीच्या अंगाला चिकटावा म्हणून तो आहे, पण आपल्याला कवचावरची नक्षी दिसू देत नाही. झेंडू, सूर्यफूल, जास्वंद, भोपळा यांचे पराग तेल न काढता पाहिले तर कणांभोवती पिवळे गोळे तरंगतात आणि काटे बुजल्यासारखे दिसतात. गवतांचे पराग वाऱ्यावर जातात, त्यांना हा त्रास जवळजवळ नाही.

रंगीत ग्लिसरीन जेली आधी करून ठेवावी. ५ ग्रॅम जिलेटिन १७.५ मिली डिस्टिल्ड पाण्यात तासभर भिजवा. फुगल्यावर भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा. पाणी ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, जिलेटिन उकळलं तर नंतर घट्ट होत नाही. त्यात १५ मिली ग्लिसरीन आणि बुरशी धरू नये म्हणून थायमॉलचा एक बारीक खडा (ओव्यातून निघतो तोच) घाला. बेसिक फुक्सिन किंवा सॅफ्रॅनिन अल्कोहोलमध्ये विरघळवून त्याचे थेंब एकेक करून टाका. पातळ केलेल्या कोकम सरबताएवढा रंग आला की थांबा. मलमलमधून गाळून उथळ डबीत ओता आणि फ्रिजमध्ये ठेवा. डबीवर 'खायचं नाही' असं ठळक लिहा, ती हुबेहूब खायच्या जेलीसारखीच दिसते.

आता स्लाइड:

१. स्वच्छ स्लाइडच्या मधोमध थोडे पराग ठेवा आणि त्यांवर अल्कोहोलचा एक थेंब टाका. थेंब पसरतो, तेल त्याच्याबरोबर बाहेर जातं आणि सुकताना कडेला एक वलय उरतं. अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने ते वलय पुसून घ्या. मधल्या परागांना धक्का लावू नका. तेल जास्त असेल तर हेच दोनतीनदा करा.

२. जेलीचा २ ते ३ मिमीचा तुकडा सुईने उचलून परागांवर ठेवा. स्लाइड गरम चहाच्या कपावर किंवा दिव्याच्या उबेत धरा. जेली वितळायला हवी, तिच्यात बुडबुडे फुटायला लागले म्हणजे उष्णता जास्त झाली.

३. सुईने हलकेच ढवळून कण पसरवा. कव्हरस्लिपही किंचित शेकून घ्या, तिची एक कड आधी टेकवा आणि मग ती सावकाश खाली सोडा. थंड कव्हरस्लिप टाकली की जेली कडेला पोचण्याआधीच गोठते आणि हवा अडकते.

४. जेली घट्ट होईपर्यंत स्लाइड उलटी, म्हणजे कव्हरस्लिप खाली येईल अशी, दोन काड्यांवर टेकवून ठेवा. कण खाली बसतात, म्हणजेच कव्हरस्लिपला लागून राहतात. हे केलं नाही तर कण खोल राहतात आणि ४०× ने त्यांच्यावर फोकस लावताना ऑब्जेक्टिव्ह काचेवर टेकायची वेळ येते.

५. आठवडाभराने कडा अल्कोहोलने पुसून नेलपॉलिशची कड लावा. काचेवर ग्लिसरीनचा ओशटपणा राहिला तर नेलपॉलिश धरत नाही, महिन्याभरात पापुद्र्यासारखं सुटतं.

जास्वंद आणि भोपळ्यासाठी एक जादा काळजी. हे कण इतके मोठे आहेत की कव्हरस्लिपच्या भाराने चपटे होतात, काटे मोडतात. फुटलेल्या कव्हरस्लिपचे दोन बारीक तुकडे थेंबाच्या दोन बाजूंना टेकू म्हणून ठेवा. त्यांची ०.१७ मिमीची जाडी १५० मायक्रॉनच्या कणाला नेमकी पुरते.

रंग चढायला काही मिनिटांपासून एक दिवस लागू शकतो. घाई करून रंग वाढवला की दुसऱ्या दिवशी कण काळाकुट्ट होतो आणि त्यातून उजेड पलीकडे जात नाही.

पुस्तकांतल्या फोटोंत कण आतून अगदी रिकामे, सोनेरी आणि लखलखीत दिसतात. ते ॲसिटोलिसिस केलेले असतात. स्वीडनच्या गुन्नार एर्डटमन यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत ९ भाग ॲसिटिक ॲनहायड्राइड आणि १ भाग तीव्र सल्फ्युरिक आम्ल यांत पराग तापवतात. आतलं सगळं जळून जातं, स्पोरोपोलेनिन या अतिशय चिवट द्रव्याचं बाहेरचं कवच तेवढं उरतं. हे मिश्रण पाण्याचा थेंब पडला तरी उसळतं. धूर ओढून घेणाऱ्या कपाटाशिवाय आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय ते करायचं नाही, घरी तर कधीच नाही. शिवाय कर्दळीसारख्या फुलांचं बाह्यकवच इतकं पातळ असतं की या प्रक्रियेत ते टिकतच नाही. कर्दळ पाहायची ती ग्लिसरीनमध्येच.

फोकस एका जागी ठेवून परागकण कळत नाही

परागकण ही गोल वस्तू आहे आणि ४०× ला एका वेळी तिचा पातळसा काप तेवढा स्पष्ट दिसतो. त्यामुळे एक हात कायम बारीक फोकसच्या स्क्रूवर हवा.

४× वर कण शोधा, मधोमध आणा, १०× वर या, मगच ४०×. कंडेन्सर (स्लाइडखालचं, उजेड एकवटणारं भिंग) वर घ्या. त्याची झडप दोनतृतीयांश उघडी ठेवा. झडप फार मिटली की कडा ठळक वाटतात, पण त्या खोट्या असतात: प्रत्येक रेघेला दुहेरी काळी किनार येते आणि कवचाचे थर मोजताना एकाचे दोन होतात. झडप पूर्ण उघडली की न रंगवलेला कण उजेडात विरून जातो.

आता कणाच्या माथ्यावर फोकस लावा आणि तिथून अगदी सावकाश खाली उतरा. जास्वंदीत सुरुवातीला काट्यांची टोकं सुट्या उजळ ठिपक्यांसारखी दिसतील. आणखी खाली गेलं की ते ठिपके रुंदावत काट्यांचे बुंधे होतील. कणाच्या मध्यावर आलात की माथा नाहीसा होतो आणि फक्त कड दिसते. तिच्यावर काटे आडवे बाहेर आलेले असतात, आणि कवचाची जाडी मोजायची ती इथेच.

नक्षी उंचवट्यांची आहे की खळग्यांची, हे ठरवायची एक खात्रीची युक्ती आहे. फोकस पृष्ठभागावर असताना जे उजळ दिसतं आणि किंचित खाली नेल्यावर काळं होतं, तो उंचवटा. आधी काळं आणि मग उजळ, तो खळगा. लिलीच्या कवचावर जाळी असते, तिच्या भिंती आधी उजळतात. ही सवय बोटांना लागायला दोनतीन दिवस जातात. एकदा लागली की सपाट चित्रातून कणाचा उठाव वाचता येतो, आणि या सगळ्या खटाटोपातली सर्वात आनंदाची गोष्ट तीच आहे.

यानंतर खाचा आणि छिद्रं मोजा. लिलीला एक लांब खाच. गवत, मका, ज्वारी, ऊस यांना एकच गोल छिद्र, त्याभोवती जाडसर कडं. सूर्यफुलाला तीन खाचा. तेरड्याला चार, आणि त्याचा कण चक्क आयताकृती. जास्वंदीच्या सगळ्या अंगभर छिद्रं. लाल भोपळ्याच्या छिद्रांवर झाकणं असतात, कण फुगला की ती ढकलली जातात. दुधीचा कण यापेक्षा अगदी वेगळा, तीन खाचांचा आणि मोठ्या काट्यांशिवायचा असतो, तेव्हा नोंदवहीत नुसतं 'भोपळा' लिहून भागत नाही.

तीन खाचांचा कण टोकाकडून पाहिला की तीन पाकळ्यांच्या तिपेडी गोळ्यासारखा, आणि बाजूने पाहिला की लंबगोल दिसतो. एकाच स्लाइडमधले हे दोन आकार दोन फुलांचे समजले जातात. त्याची तपासणी सोपी आहे: जेलीऐवजी पातळ ग्लिसरीनची स्लाइड घ्या, १०× वर पाहत कव्हरस्लिपची कड सुईने अगदी हलकी ढकला, कण लोळेल आणि दुसरी बाजू दाखवेल. म्हणून प्रत्येक फुलाची एक स्लाइड जेलीची आणि एक ग्लिसरीनची करावी.

परागकण समजून ज्यावर वेळ जातो त्या गोष्टी अशा. बुडबुडा: अगदी वाटोळा, जाड काळी किनार, आत काहीच नाही. तेलाचा थेंब: कडेला लख्ख, आकार वेगवेगळे. बुरशीचे बीजाणू: बहुधा तपकिरी, कधी मधे आडवी भिंत असलेले. तेरड्याच्या स्लाइडमध्ये सुयांची जुडी दिसते, ते झाडातले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक.

आकार मोजायचा

आयपीसमध्ये बसवायची मोजपट्टी आणि तिला ताडून पाहायची स्टेज मायक्रोमीटरची स्लाइड मिळाली तर उत्तम. स्टेज मायक्रोमीटरवर १ मिमीचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. ४०× वर आयपीसचे ४० भाग जर स्टेजच्या १० भागांवर नेमके बसले, तर आयपीसचा एक भाग २.५ मायक्रॉनचा झाला. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी हे वेगळं काढावं लागतं.

ते नसेल तर आयपीसवरचा फील्ड नंबर पाहा, पुष्कळदा १८ असतो. त्याला ऑब्जेक्टिव्हच्या पटीने भागलं की दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मिळतो: ४× ला ४.५ मिमी, १०× ला १.८ मिमी, ४०× ला ०.४५ मिमी. ४०× च्या वर्तुळात जास्वंदीचे सुमारे तीन कण ओळीने बसतात, सूर्यफुलाचे त्याहून कितीतरी जास्त. आकडा लिहिताना काट्यांसह की काट्यांशिवाय आणि कशात बुडवून, हे शेजारी लिहा. किमान १० कण मोजा. एका कणावर विसंबू नका.

परागनलिका वाढताना पाहणं

यासाठी पावसाळ्यातल्या तेरड्यासारखं फूल नाही. सह्याद्रीच्या उतारांवर आणि अंगणातही तो सापडतो आणि त्याचे ताजे पराग पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात नलिका काढतात. तेरड्याचे परागकोश एकत्र जुळून कुक्षीवर टोपीसारखे बसलेले असतात आणि काही काळाने ही टोपी गळून पडते. टोपी अजून जागेवर असलेलं ताजं फूल निवडा. सदाफुलीही चालते, पण तिला जास्त वेळ द्यावा लागतो.

साधा द्राव: १० ग्रॅम साखर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली करा. त्यात १ टक्का बोरिक ॲसिडच्या पाण्याचा १ मिली घाला. जास्त खात्रीसाठी ब्रूबेकर आणि क्वॅक या संशोधकांनी १९६३ साली दिलेलं मिश्रण वापरावं. त्यात दर लिटरला बोरिक ॲसिड १०० मिलिग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ३००, मॅग्नेशियम सल्फेट २०० आणि पोटॅशियम नायट्रेट १०० मिलिग्रॅम असतं, साखर १० टक्के. एवढे बारीक आकडे घरच्या काट्यावर येत नाहीत. म्हणून हे चार क्षार प्रत्येकी १००-१०० मिली पाण्यात अनुक्रमे १, ३, २ आणि १ ग्रॅम असे वेगवेगळे विरघळवून ठेवा. साखरेचा द्राव १०० मिली पूर्ण भरण्याआधी प्रत्येकातला १ मिली त्यात घाला. साखरेचा द्राव रोज ताजा करा, दुसऱ्या दिवशी त्यात बुरशी आणि जिवाणू वाढतात.

स्लाइडवर द्रावाचा एक थेंब, त्यावर पराग, कव्हरस्लिप नाही. ही स्लाइड ओल्या टिपकागदाच्या डबीत झाकून ठेवा आणि दर पाच मिनिटांनी १०× ने पाहा. नलिका बऱ्याच लांब झाल्या की कव्हरस्लिप ठेवून ४०× लावा. नलिकेतला दाणेदार रस कडेकडेने पुढे आणि मधोमध मागे वाहताना दिसतो. कायमच्या स्लाइडमध्ये हे कधीच मिळत नाही.

नलिका आल्या नाहीत तर कारणं बहुधा यांतली: पराग शिळे, नळाचं क्लोरीनचं पाणी, किंवा झाकण नीट न बसल्याने थेंब सुकून साखर दाट झाली. कण फटाफट फुटले तर साखर कमी पडली, १२ ते १५ टक्के करून पाहा. नुसत्या साखरेच्या पाण्यात चारदोनच कण विखुरलेले असतील तर तेही उगवत नाहीत. दाटीने असलेले कण एकमेकांना कॅल्शियम पुरवतात, आणि वरच्या मिश्रणात कॅल्शियम आहे ते यासाठीच. सूर्यफूल आणि गवतवर्गातली पिकं मात्र साखरेच्या थेंबात सहसा दाद देत नाहीत. पूर्वानुभव नसताना त्यांच्यापासून सुरुवात करू नका.

मका आणि ज्वारी: आयोडीनचा थेंब

या परागांत पिष्ट (स्टार्च) साठवलेलं असतं. ताजे पराग स्लाइडवर घेऊन त्यांवर पाण्यात पातळ केलेल्या आयोडीनचा थेंब टाका. औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन चौपट पाण्यात मिसळून चालतं. भरलेले कण निळे-काळे होतात, वांझ कण फिके आणि चुरगळलेले राहतात. संकरित ज्वारीच्या बीजोत्पादनात नर-वांझ (म्हणजे ज्याचे पराग निकामी असतात असा) मादी वाण खरोखर वांझ आहे का, हे तपासायला हीच चाचणी वापरतात. देशात सीएसएच-१ हा पहिला ज्वारी संकर १९६४ साली आला, तो अशाच नर-वांझ वाणाच्या आधारे. प्रमाण काढताना निदान २०० कण मोजा, तेही स्लाइडच्या वेगवेगळ्या भागांतून, कारण रिकामे हलके कण थेंबाच्या कडेला जमतात.

एकट्याने न निघणारे पराग

रुईच्या फुलात सुटी पूड शोधून मिळणार नाही. तिचे पराग मेणचट पिशव्यांत बांधलेले असतात, दोन पिशव्या एका बारीक चिमट्याला जोडलेल्या. फुलाच्या मधोमध पंचकोनी चकती आहे, तिच्या पाच कोपऱ्यांना उभ्या फटी आहेत. बारीक सुईचं टोक फटीच्या तळाशी घालून वर ओढा. चिमटा टोकाला पकडतो आणि जोडी अलगद बाहेर येते, माशीच्या पायालाही ती अशीच अडकते. एका फुलात अशा पाच जोड्या. १०× पुरेसं आहे, आणि कव्हरस्लिपला टेकू हवा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय आयपीसला डोळा लावू नका.

बाभळीच्या एका पिवळ्या गोंड्यात कितीतरी बारीक फुलं असतात. तिथे सोळा किंवा त्याहून जास्त कणांचा चपटा गठ्ठा एकत्र सुटतो. लाजाळूत चार-चार कणांचे चिमुकले पुंजके. हे गठ्ठे फोडायचा प्रयत्न करू नका, तीच त्यांची ओळख आहे.

मधातले पराग

स्वतःच्या १५-२० स्लाइडचा संग्रह झाला की मध तपासता येतो, त्याआधी नाही, कारण ताडून पाहायला काहीच नसतं. १० ग्रॅम मध २० मिली कोमट पाण्यात विरघळवा, पाणी ४० अंशांच्या आत. सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून गाळ तळाशी बसवणारं यंत्र) असेल तर १० मिनिटं फिरवा. नसेल तर उंच, अरुंद नळीत ओतून फ्रिजमध्ये दिवसभर न हलवता ठेवा, मग वरचं पाणी ड्रॉपरने काढून टाका आणि तळातला गाळ घ्या. डिस्टिल्ड पाण्याने एकदा धुऊन पुन्हा बसू द्या. साखर उरली तर जेली कडक होत नाही आणि स्लाइडला मुंग्या लागतात. गाळाचा थेंब स्लाइडवर उबेत सुकवून त्यावर रंगीत जेली.

महाबळेश्वरकडचा जांभळाचा मध म्हणून घेतलेल्या बाटलीत जांभळाचे पराग दिसायला हवेत. ते लहान, जवळजवळ त्रिकोणी, तिन्ही कोपऱ्यांत छिद्र असलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ फुललं की त्याची संदर्भ-स्लाइड करून ठेवा. एकाच फुलाचा मध म्हणवण्यासाठी त्या फुलाचे पराग ४५ टक्क्यांच्या वर असावेत असा सर्वसाधारण संकेत आहे, पण तो सगळ्या फुलांना सारखा लागू होत नाही: काही फुलं मकरंद भरपूर आणि पराग थोडे देतात. त्रिकोणी कणही एकट्या जांभळाचे नसतात. निलगिरी आणि पेरू त्याच कुळातले, त्यांचे कणही तसेच दिसतात. म्हणून या तिघांच्या स्लाइड एकाच जेलीत, एकाच दिवशी केलेल्या असाव्यात, आणि लेबलवर फुलाचं नाव, गाव, तारीख यांच्याबरोबर माध्यम आणि रंगही लिहिलेला असावा.